बारक्याची सहावी शर्यत

माझा धाकटा भाऊ एकवीस वर्षं परदेशात दात बनवत होता. असं सांगितलं की लोक लगेच "अरे वा, डेंटिस्ट!" म्हणतात आणि मला दर वेळी खुलासा करत बसावं लागतं. डेंटिस्ट नाही हो. डेंटिस्ट खुर्चीत बसवून तोंडाचं माप घेतो आणि पाठवून देतो. त्या मापावरून कॅप, कवळी, नकली दात बनवणारा माणूस कुठल्यातरी लॅबमध्ये खाली मान घालून बसलेला असतो. तो आमचा बारक्या. पेशंटचं नावसुद्धा त्याला कळत नाही. एका डबीतून प्लास्टरचा जबडा येतो, डबीवर नंबर असतो आणि दाताचा रंग कोणता हवा ते लिहिलेलं असतं. दात झाला की डबी परत जाते.

बारक्या हे घरातलं नाव. जन्मला तेव्हा एवढासा होता, म्हणून ते पडलं. आज तो एक्कावन्न वर्षांचा आहे, केस पांढरे झालेत, तरी बारक्याच. घरात म्हणजे आता फक्त माझ्या तोंडी. मी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, म्हणजे अर्धी आईच. पोस्टात एकतीस वर्षं काउंटरवर काढली, त्यामुळे माझा आवाज चढा आहे आणि समोरच्याला एका नजरेत जोखायची खोड आहे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे केलं ते वाचून तुम्ही मला बोल लावणार, आणि लावण्याआधी मी कोण ते तुम्हाला माहीत असलेलं बरं.

लग्न त्यानं केलं नाही. का, ते मला विचारू नका, मी त्याला विचारून विचारून थकले. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. एकदा आवाज बसलेला वाटला म्हणून विचारलं, सर्दी झालीय का. तर म्हणाला, "नाही गं. शुक्रवारी लॅबचा मालक 'सोमवारी भेटू' म्हणाला, त्याला मी 'हो' म्हणालो. त्यानंतर तोंड आत्ताच उघडतोय."

मी त्याला चांगलाच झाडला. म्हटलं, "अरे, घराबाहेर पड. माणसांत जा. एवढ्या मोठ्या शहरात तुझ्यासारखी रिकामी माणसं नाहीत का?" लहानपणी त्याला सायकलचं वेड होतं, वडिलांची मोठी सायकल दांड्याखालून पाय घालून चालवायचा आणि गुडघे फोडून घ्यायचा. म्हणून मीच म्हटलं, सायकल घे. माझ्या तोंडाला हाड नाही, बोलून मोकळी झाले आणि विसरले. त्यानं मात्र खरंच घेतली. वर्षभरानं कळलं की स्वारी शर्यतीत उतरतेय. सत्तेचाळिसाव्या वर्षी! मी इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली.

या शर्यती म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. नोकरी-धंदा करणारी माणसं रविवारी जमायची आणि शहराबाहेरच्या रस्त्याला पाच-सहा फेऱ्या मारायची. शिक्षक, नळदुरुस्तीवाले, नर्स, कोणीही. बहुतेकांचे क्लब होते, एकसारखे कपडे होते. बारक्याचा क्लब नव्हता. यादीत प्रत्येकाच्या नावापुढं क्लबचं नाव छापलेलं असायचं, याच्या नावापुढं आडवी रेघ. रविवारी फोनवर तो मला नंबर सांगायचा, "आज एक्केचाळिसावा आलो." मी विचारायचे, "ते राहू दे. बोललास कोणाशी?" "एकानं हवा भरायचा पंप मागितला होता," असं काहीतरी सांगायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न आणि जवळजवळ तेच उत्तर. अशी तीन वर्षं गेली.

सायकलच्या शर्यतीत पुढचा माणूस वारा अंगावर घेतो आणि त्याच्या मागं चिकटून चालणाऱ्यांना सोपं जातं, हे मला त्यानंच समजावलं. म्हणून पुढं राहायच्या पाळ्या लावतात. "पण ते त्यांचं त्यांचं असतं, क्लबवाल्यांचं," तो म्हणाला. "मी कधी चुकून पुढच्याच्या मागं पोचलो ना, की तो असं कोपर झटकतो माझ्याकडं. बाजूला हो म्हणून. मी लगेच मागं येतो. एकदा एक जण ओरडलासुद्धा. मी सॉरी म्हटलं आणि पार शेवटी जाऊन राहिलो."

"बरोबर केलंस," मी म्हटलं. "परक्या मुलखात आहेस. कशाला कोणाच्या अध्यातमध्यात?"

जन्मभर आम्ही रांगांत उभे राहिलेली माणसं. कोणी कोपर लावलं की अंग चोरून घ्यायचं, हे आम्हाला कोणी शिकवायला लागलं नाही. त्याच्यासारखंच मलाही त्यात दुसरा काही अर्थ असेल असं वाटलं नाही.

गेल्या वर्षी आई गेली. ती माझ्यापाशीच होती. बारक्या पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. आठ दिवस राहिला आणि परत गेला. त्यानंतर माझं घर मला खायला उठलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण एका माणसाला तेही फार होतं. चहा करताना हात आपोआप दोन कप काढायचा आणि मला माझाच राग यायचा. मग मी फोनवर धोशा लावला. "ये आता परत. दात काय इथं पडत नाहीत का लोकांचे? इथं बनव."

तो हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी एका रविवारी म्हणाला, "ताई, या मोसमात सहा शर्यती आहेत. सहावी होईपर्यंत इथल्या एका जरी माणसानं मला आपणहून 'ये' म्हटलं, चहाला म्हण, फिरायला म्हण, कशालाही, तर मी इथं राहीन. एकवीस वर्षं राहिलोय, एकाला तरी मी हवा असेन. नाही म्हटलं, तर बाडबिस्तरा गुंडाळून येतो."

"कबूल?" मी विचारलं.

"कबूल."

खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी त्याच्या वाईटावर टपले. तोंडानं म्हणायचे, "भेटेल रे कोणीतरी." मनात म्हणायचे, कोणी न भेटो. पहिली शर्यत झाली, कोणी नाही. दुसरी झाली, कोणी नाही. तिसरीत तो पडला, हात खरचटला, पट्टीसुद्धा स्वतःच बांधली. हे ऐकून मला रडू आलं आणि रडता रडता बरंही वाटलं. पाचवीनंतर मी मागची खोली रंगवून घेतली. रंगाऱ्यानं विचारलं, "कोणी येणार आहे का, काकू?" मी म्हटलं, "भाऊ येतोय. कायमचा."

सहावीच्या आधी त्याचा फोन आला. "तू इकडं ये. शर्यत बघ. आणि तसंच झालं तर सामान आवरायलाही माणूस लागेल." मी गेले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले आणि पूर्ण प्रवासभर खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले.

त्याची खोली एका चष्म्याच्या दुकानावर होती. पलंग, टेबल, सायकल, आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीच्या पायाला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. मी येणार म्हणून आणलेली. म्हणजे इतकी वर्षं त्या खोलीत एकच खुर्ची होती. मी ती चिठ्ठी ओढून तोडली आणि म्हटलं, "एवढा पसारा घातलायस, झाडतोस तरी का कधी?" पसारा काडीचाही नव्हता. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोलले.

एक दिवस तो मला लॅब दाखवायला घेऊन गेला. तळघरात होती. वर छताशी एक लांबट खिडकी आणि तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. चार टेबलं, प्रत्येकावर दिवा, बारीक ज्योत, मेण, कोरण्या, पांढरी धूळ. बाकीचे तिघं कानात गाणी लावून बसले होते. मालकानं माझ्याशी हात मिळवला, "फार चांगला हात आहे याचा," म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. बारक्यानं खणातून रंगांच्या नमुन्याची पट्टी काढली, त्यावर ओळीनं दात लावलेले होते. ती माझ्या ओठांशी धरून डोळे बारीक करून बघत म्हणाला, "ताई, तू ए-साडेतीन. चहा कमी कर." आणि हसला. त्याला तसं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आम्ही चालत गेलो, तो सायकल हातात धरून. एका शाळेच्या मैदानात सगळे जमले होते. घडीच्या खुर्च्या, थर्मास, कुत्री, बायका, नवरे. जिकडंतिकडं माणसं एकमेकांच्या पाठीवर कापडी नंबर लावून देत होती. बारक्यानं पिशवीतून आपला नंबर काढला. त्र्याऐंशी. "लावतेस?" म्हणाला. इतके दिवस तो घरीच टेबलावर शर्ट पसरून पिना टोचायचा आणि मग अंगात घालायचा; वाकल्यावर त्याला चुण्या पडायच्या आणि नंबर नीट दिसत नाही म्हणून पंच कुरकुरायचे. मी चार सेफ्टी पिना लावल्या. तिसरी त्याच्या पाठीत घुसली.

"आई गं!"

"ओरडू नकोस, लोक बघतायत."

"कोण बघतंय, ताई?" तो म्हणाला. मी आजूबाजूला पाहिलं. खरंच कोणी बघत नव्हतं.

मी चढावरच्या वळणाशी जाऊन उभी राहिले, कारण तिथं सगळ्यांचा वेग कमी व्हायचा. पाच फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत रंगीबेरंगी घोळका सळसळत गेला आणि त्याच्या मागं तीन हात अंतर ठेवून आमचा बारक्या. जोर होता पायांत, ते मलासुद्धा दिसत होतं. तरी ते तीन हातांचं अंतर तो काही ओलांडत नव्हता. दुसऱ्या फेरीत मी पुढच्या माणसांकडं नीट पाहिलं. सगळ्यात पुढं असलेल्या बाईनं कोपर झटकलं. तिच्या मागचा माणूस मागं नाही सरला. तो पुढं आला, आणि ती बाई बाजूला होऊन मागं गेली. थोड्या अंतरावर त्यानं कोपर झटकलं, तर तिसरा पुढं आला.

कोपर झटकणं म्हणजे 'हो बाजूला' नव्हतंच. 'ये पुढं, आता तुझी पाळी', असं होतं ते. तीन वर्षं ही माणसं माझ्या भावाला बोलवत होती आणि तो सॉरी म्हणून मागं जात होता. त्यांना काय वाटलं असेल? की हा फुकट्या आहे, आमच्या मागं लपून चालतो, आपल्या वाटणीचा वारा घेत नाही. असल्या माणसाशी कोण बोलेल?

तिसऱ्या फेरीला तो माझ्यासमोरून इतक्या हळू गेला की मी नुसतं "बारक्या, पुढं जा!" म्हटलं असतं तरी त्याला ऐकू आलं असतं. माझा आवाज पोस्टाच्या पार मागच्या गोदामापर्यंत जायचा. मी हात हलवला आणि हसले. बोलले नाही.

चौथ्या फेरीला घोळका आला तेव्हा मी सवयीनं मागं पाहिलं. तो मागं नव्हता. मला वाटलं, पडला की काय. मग पाहिलं तर सगळ्यात पुढं त्र्याऐंशी! तोंड उघडं, मान खाली, आणि मागं पस्तीस-चाळीस माणसं त्याच्या आडोशानं चाललेली. त्याच्या शेजारी एक दांडगा, टकला माणूस हातवारे करत काहीतरी ओरडून सांगत होता. बारक्यानं कोपर झटकलं. अगदी अवघडून झटकलं, पण झटकलं. मागचा पुढं आला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या कोणासाठी होत्या देव जाणे, पण माझे डोळे भरून आले. अभिमानानं आले का भीतीनं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

पाचव्या फेरीला त्याच्यात काही उरलं नव्हतं. घोळका गेल्यावर बऱ्याच वेळानं तो एकटा आला. शेवटून दुसरा. मी मैदानात पोचले तर तो गवतावर आडवा पडला होता. नंतर उठून नंबर परत द्यायला टेबलाशी गेला, तिथं लांब रांग होती. मी सायकल धरून उभी राहिले.

तेवढ्यात तो टकला माणूस माझ्याकडं आला. घामानं निथळत होता. इंग्रजी त्याचंही मोडकं, माझंही तोडकं. "भाऊ?" त्यानं रांगेकडं बोट दाखवून विचारलं. मी मान हलवली. त्यानं ओठ वर करून आपल्या पुढच्या दातावर बोटानं टकटक केलं. "हा दात! यानं बनवला! शर्यतीत मला बघून ओळखला यानं!" आणि खदखदून हसला. दात दिसायला बाकीच्या दातांसारखाच होता.

मग त्यानं घड्याळ पाहिलं. तो बस चालवायचा, दुपारची पाळी गाठायची होती, रांग संपेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. म्हणून एकेक शब्द सुटा करून तो मला सांगू लागला. रविवार. पुढचा. सकाळी सहा. सहा बोटं दाखवली. पाण्याच्या टाकीजवळचा पूल. आम्ही सगळे जमतो, दर रविवारी, शर्यत नसली तरी. फिरतो, मग कोणाच्या तरी घरी नाश्ता. त्याला सांगा, ये म्हणून. "तीन वर्षं आम्हाला वाटत होतं, त्याला आमच्यात यायचंच नाही." दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "सांगाल ना?"

"सांगते," मी म्हणाले. "यस, यस."

बारक्या आला. मी माझी पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि आम्ही घरी चालत निघालो. रस्ताभर तो बोलत होता. इतकं बोलताना मी त्याला लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. "ताई, गंमत सांगू? शर्यत सुटायच्या आधी एक जण माझ्याकडं बघून हसला. पुढचा डावा दात माझा! दोन वर्षांपूर्वीचा. त्याच्या शेजारच्या दातावर बारीक पांढरा ठिपका आहे, तसाच मी यावर केला होता, तीन वेळा डबी परत आली होती. आपलं काम मी विसरेन होय? तिसऱ्या फेरीत तो माझ्या शेजारी आला तेव्हा न राहवून सांगून टाकलं, हा मी बनवलाय. तो इतका हसला की पडायचाच बाकी होता. मग म्हणाला, बाबा रे, तू पुढं का येत नाहीस कधी? मी म्हटलं, तुम्ही कोपर मारता म्हणून." असं म्हणून बारक्या भररस्त्यात थांबून स्वतःवरच हसत राहिला.

मग चालायला लागला. जरा वेळानं आवाज उतरला. "पण शर्यत संपल्यावर गेला तो निघून. रांगेतून मी सारखा वळून बघत होतो. तुला दिसला का गं? टकला, उंच?"

एकतीस वर्षं मी पोस्टात होते. दुसऱ्याचा निरोप दाबून ठेवणारा माणूस आमच्यात सगळ्यात हलका समजला जायचा. एकानं तसं केलं होतं, तर मी दोन वर्षं त्याच्या हातचा चहा घेतला नव्हता.

"नाही रे," मी म्हणाले. "कुठं दिसला?"

सोमवारी त्यानं लॅबमध्ये राजीनामा दिला. मालकानं दुःख झालं असं सांगितलं आणि चावी मागून घेतली. पुढचे सहा दिवस मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज काहीतरी कारण निघायचं. घरी रंगवलेली खोली डोळ्यांसमोर यायची. ती माणसं तीन वर्षं थांबली असतील, मी एकवीस थांबले होते. त्यांच्याकडं एकमेकं होती, माझ्याकडं कोण होतं? हे सगळं मी मनात इतक्या वेळा घोकलं की मला ते पटलं.

रविवार उजाडला. मी पाचपासून जागी होते. साडेपाचला तो उठला, चहा केला, आणि सायकल बांधायचं मोठं खोकं ओढून खोलीच्या मधोमध आणलं. तो पूल तिथून सायकलवर दहा मिनिटांवर होता. मी खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

"आजच खोलायची का रे सायकल?" मी विचारलं.

"आज नाही तर कधी? बुधवारी विमान आहे," तो म्हणाला आणि पाना हातात घेतला. सहा वाजले. सहा वाजून पाच झाले. दोन्ही पेडल निघाली, ती त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळली. मग हँडल निघालं. साडेसहाला खोक्याचं झाकण लावून तो म्हणाला, "ताई, तुझा चहा गार झाला."

येऊन आता सात महिने झाले. बारक्या मागच्या खोलीत टेबल मांडून दोन डेंटिस्टांची कामं करतो. वेळेवर जेवतो, बाजार आणतो, माझी औषधं लक्षात ठेवतो. तक्रार म्हणून नाही. सायकल गच्चीच्या जिन्याखाली खोक्यातच आहे. एकदा म्हटलं, काढ की बाहेर. तर म्हणाला, "एकटा कुठं जाऊ?" पूर्वी रविवारी फोनवर आमचं तासभर चालायचं. आता रविवारी फोन वाजत नाही, कारण करणारा समोरच बसलेला असतो, आणि समोर बसल्यावर दोघांनाही काही सुचत नाही. घरात दोन माणसं आहेत आणि घर पूर्वीसारखंच गप्प आहे. मला वाटलं होतं, तो आला की एकटेपण जाईल. गेलं नाही. मी त्याचंही तिकडून सोबत घेऊन आले.

परवा सकाळी मी त्याला चहा द्यायला गेले. तो एका जबड्यावर मेण चढवत होता. मान वर न करता म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं ताई, तिथं मला कोणी बोलावलं नाही ते. बोलावलं असतं तर मी राहिलो असतो, आणि तू इथं एकटी पडली असतीस. मी स्वतःला कधी माफ केलं नसतं."

तेवढं मला झेपलं नाही. मी दारातच खाली बसले आणि सगळं सांगितलं. कोपराचं मला आधीच कळलं होतं ते, तो टकला माणूस, त्यानं दातावर वाजवलेलं बोट, दर रविवारचं फिरणं, नाश्ता, "सांगाल ना" म्हणाला ते, मी यस म्हणाले ते. काही लपवलं नाही. मला वाटलं, ओरडेल. ओरडावं, असंच मला वाटत होतं. फेकून द्यावं हातातलं काहीतरी.

त्यानं कोरणी खाली ठेवली. ज्योत बारीक केली.

"किती वाजता म्हणाला होता?"

"सहा."

"कुठं?"

"पाण्याच्या टाकीजवळच्या पुलापाशी."

त्यानं मान डोलावली, जणू अजून तिथं पोचायचं होतं आणि वाट मनात पक्की करत होता. मग माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, असता तर बरं झालं असतं.

"थांबले असतील का गं माझ्यासाठी?"

मी पदरानं तोंड पुसलं. "थांबले असतील रे," मी म्हणाले. "बराच वेळ थांबले असतील."